बांधाबाहेरची कामे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला जो विषय दिला तो असा: घरी शेत नाही, शेतीची माहिती नाही, अशा मुलीने शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असा व्यवसाय कसा शोधावा? विषय का सुचला तेही त्यांनी सांगितले. मंडळातील दोघींच्या मुली यंदा पदवीधर झाल्या. बँकेच्या परीक्षांना बसावयाचे सोडून त्यांच्या मनाने शेतीच्या बाजूला ओढ घेतली आहे, आणि आया काळजीत पडल्या आहेत. त्यांतल्या एकजणी मला म्हणाल्या, "अहो, हिला उसाचे आणि ज्वारीचे रोप वेगळे ओळखू येत नाही. ही शेतकऱ्यांचे काय भले करणार?" मी त्यांना एवढेच म्हटले की कोवळेपणी ऊस आणि ज्वारी भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत, त्यापायी कोणाचे लग्न मोडले नाही की नोकरी गेली नाही.

मला बोलाविण्याचे कारण उघड आहे. माझे माहेर गिरगावातले. आमची शेती म्हणजे गॅलरीतली तुळस आणि एका डब्यातला ओवा. मी शिकले वाणिज्य शाखेत, आणि लग्न होऊन नाशिकला आले. गेली ११ वर्षे चांदवडकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेबनीस आहे. कांदा, सोयाबीन, मका आणि थोडा टोमॅटो, एवढा आमचा व्यवहार. रानात वाफसा आला की नाही हे मला आजही विचारून घ्यावे लागते. पण हिशोबपट्टी हातात आली की तीत कोठे काय कापले गेले ते मला लगेच दिसते, आणि माझा पगार त्याबद्दल आहे.

शहरातला माणूस शेतकऱ्याचे कल्याण करावयास निघाला की बहुधा शेती शिकवावयास जातो. ही वाट मला पसंत नाही. कांद्याच्या माना पडल्यावर काढणीला किती दिवस थांबावे, हे ज्याने ३० वर्षे आपल्या हातांनी केले आहे त्याला आपण काय शिकविणार? त्याला नवे बियाणे, नवी औषधे यांची माहिती हवी असते हे खरे. पण ती देणारी शिकलेली माणसे वेगळी असतात, आणि तशी असावीत. त्याची पुष्कळशी अडचण बांध ओलांडल्यावर सुरू होते. माल किती वजनाचा भरला, प्रत कोणी ठरविली, तोलाई-हमाली किती गेली, कर्जाचा कागद कोठे अडकला, चाळीत साठविला तर वजन किती घटेल आणि भाव तेवढा वाढेल का, हे सारे बांधाबाहेरचे प्रश्न आहेत. गारपिटीपुढे हिशेबनिसाचे काही चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु गारपीट दरवर्षी होत नाही, आणि पट्टी दर खेपेला फाडली जाते.

ही माझीच कल्पना नव्हे. आणंदचे वर्गीस कुरियन हे इंजिनियर. सरकारी शिष्यवृत्तीच्या करारापायी १९४९ साली ते नाइलाजाने आणंदच्या सरकारी दूध-केंद्रावर आले, आणि शक्य तितक्या लवकर तेथून निघावे असे त्यांच्या मनात होते. शेजारच्या खेडा जिल्हा सहकारी संघाची मोडकी यंत्रे दुरुस्त करता करता ते तेथेच राहिले ते जन्मभर. स्वतः ते दूध पीत नसत. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे परदेशी तज्ज्ञ म्हणत होते. ती करून दाखविली त्यांचे सहकारी दलाया यांनी. शेतकऱ्यांना गाईम्हशी कशा पाळाव्यात हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती. दुधाचे नासणे थांबविणारे यंत्र आणि दुधाचा सरळ भाव त्यांना हवा होता.

आपल्याकडे प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने अध्यक्षाच्या खुर्चीत बसले ते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्याहून मागे गेले तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पिंपळे सौदागर हे एक गाव घेतले, त्याची घरे आणि शेतांचे तुकडे मोजले, कर्जे लिहून काढली, आणि १९१७ साली त्याचे पुस्तक केले. १७७१ साली तेथे सरासरी धारणा ४० एकरांची होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हे त्यांच्या मोजणीमुळे आपल्याला कळते. आज त्या गावात संगणकवाल्यांचे उंच उंच इमले आहेत. तेथे राहणाऱ्यांपैकी कितीजणांना हे पुस्तक ठाऊक असेल, देव जाणे.

पण हिशेबनीस म्हणून मला सर्वांत जवळचे वाटतात ते शरद जोशी. त्यांच्या राजकारणाविषयी येथे बसलेल्यांत दोन मते असतील, ती असोत. हा मनुष्य टपाल खात्यातला अधिकारी. स्वित्झर्लंडात बर्न येथे जागतिक टपाल संघात मोठ्या पगारावर होता. ती नोकरी सोडून १९७७ च्या सुमारास त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः पिके काढली, आणि वाणिज्य शिकलेल्या माणसाला शोभेल असे एक काम केले. शेताचा जमाखर्च काटेकोर लिहिला. त्यात त्यांना दिसले की नीट पिकवूनही उत्पादनखर्च भरून निघत नाही. चाकणचे १९७८ चे कांदा आंदोलन त्या वहीतून निघाले असे म्हटले तरी चालेल. पुढे नोव्हेंबर १९८६ मध्ये आपल्या चांदवडला शेतकरी बायकांचे अफाट अधिवेशन भरले. आपल्या मंडळातील दोन आजीबाई त्या अधिवेशनाला गेल्या होत्या, हे मला येथे आल्यावर कळले. त्यांनी एकदा त्याविषयी बोलावे, अशी माझी विनंती आहे.

आता मी ज्या प्रकारच्या कंपनीत काम करते तिच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मुलींना कामे बहुधा येथेच मिळतील. सहकारी संस्था आणि खाजगी कंपनी या दोहोंच्या मधली ही चीज आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ती निघाली. १० उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी काढता येते. कोणाचे भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. संचालक कमीत कमी ५, जास्तीत जास्त १५. आणि या कायद्यात एक कलम आहे ते ऐकून तुम्हांला मौज वाटेल. कंपनीचा पूर्णवेळ मुख्य अधिकारी हा सभासदांपैकी असता कामा नये, तो बाहेरचाच नेमला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शेतकऱ्यांच्या कंपनीत बाहेरच्या माणसाला जागा आहे का, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने असे देऊन ठेवले आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा १०,००० संस्था उभारण्याची योजना काढली. गावोगाव पाट्या लागल्या. पाटी लावणे सोपे, पण कंपनी म्हटली की दरवर्षी विवरणपत्रे भरणे आले. ठरलेल्या मुदतीनंतर प्रत्येक पत्रामागे दिवसाला १०० रुपये जादा आकार चढतो. लागोपाठ ३ वर्षे पत्रे भरली नाहीत तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात. ज्यांनी आयुष्यात कोणाचे पाच पैसे बुडविले नाहीत असे वडीलधारे शेतकरी केवळ कागद वेळेवर न गेल्यामुळे अपात्रांच्या यादीत जाऊन बसतात. हा अपमान टाळण्याला एक जागरूक हिशेबनीस पुरतो. तुमच्या मुलींपैकी ज्या वाणिज्य शिकल्या असतील त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

माझे रोजचे काम पट्ट्या तपासण्याचे आहे, ते काही फार गंमतीचे नाही. एक काम मात्र मी आपण होऊन अंगावर घेतले. सभासदांना एकरी खर्चाची वही घालून द्यावयाची. सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च तीन तऱ्हांनी काढतो. एक, रोखीने आणि वस्तूंनी झालेला खर्च. दुसरा, त्यात घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत मिळवून. तिसरा, शिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून. २०१८-१९ पासून हमीभाव ठरविताना दुसऱ्या खर्चाची निदान दीडपट धरण्याचे सरकारचे धोरण आहे. तिसरा धरावा हे शेतकऱ्यांचे मागणे अजून आहेच. कांद्याला तर हमीभावच नाही. पण मला येथे सांगावयाचे आहे ते दुसऱ्या तऱ्हेविषयी. घरच्या माणसांची मजुरी, हे शब्द आयोगाच्या कागदावर आहेत. शेतकऱ्याच्या वहीत ते नसतात.

एक जोडपे माझ्याकडे आले होते. दीड एकर उन्हाळ कांद्याची वही मांडावयाची होती. दादा सांगत गेले, मी लिहीत गेले. बियाणे, नांगरट, खत, फवारणी, लागणीच्या बायका, गाडीभाडे. मी विचारले, "वहिनींचे किती दिवस?" ते म्हणाले, "तिचं काय लिहायचं ताई? ती घरचीच." वहिनी इतका वेळ दाराशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना मी आत बसविले आणि तेच विचारले. त्यांनी दिवस मोजले ते सणावारांनी. संक्रांतीच्या आधी लागण, ती एवढे दिवस. शिवरात्रीच्या आत दोन निंदण्या. पाडव्यानंतर काढणी आणि पात कापणे. आखाजीला चाळ भरली. मग पावसाळाभर दर आठ दिवसांनी चाळीतला सडका कांदा निवडून काढणे. बोटे मोडीत मोडीत त्या ६७ दिवसांवर आल्या, आणि म्हणाल्या, "सड निवडायचे धरायचे ना? ते लई घाण काम असतं." मी गावातल्या चालू मजुरीने ते दिवस मांडले. आधी वहीत जो नफा दिसत होता तो जवळजवळ नाहीसा झाला.

दादा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंजे कांद्यात आम्ही कमवत नव्हतो, हिचीच मजुरी खात होतो." त्यांनी पुढल्या वर्षी अर्ध्या एकरात कांद्याऐवजी दुसरे पीक घेण्याचे ठरविले. वहिनींनी मला विचारले ते निराळेच. "माझे दिवस वहीत लागले, तसं माझं नाव कंपनीत लागतं का?"

लागत नव्हते. सभासद होण्याच्या आमच्या अर्जाबरोबर सातबाराचा उतारा मागितला जाई. नोंदवहीत त्या वेळी ३१२ सभासद होते, त्यांत बायका १९, आणि त्या १९ पैकी बहुतेक विधवा. बाईचे नाव सातबारावर चढावयाचे तर बहुधा आधी नवऱ्याचे उतरावे लागते. हे आमच्याच गावचे आहे असे नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील सुमारे १४ टक्केच धारणा बायकांच्या नावे होत्या. शेतावर काम करणाऱ्यांत बायका किती असतात, हे तुम्ही कोणत्याही एस.टी.च्या खिडकीतून पाहू शकता.

मी त्या रात्री कायदा काढून वाचला. उत्पादक कोणाला म्हणावे याची त्यात व्याख्या आहे. प्राथमिक उत्पादनाशी संबंध असलेले कोणतेही काम करणारी व्यक्ती म्हणजे उत्पादक. जमिनीची मालकी, सातबारा, यांचा तेथे उल्लेखच नाही. आमच्या कंपनीच्या नियमावलीतही नव्हता. कोणीतरी पहिला अर्ज छापताना ती ओळ घातली होती, आणि ती नियम होऊन बसली होती.

संचालकांच्या सभेपुढे मी दोन्ही कागद ठेवले. विरोध झाला, आणि तो सगळाच अडाणीपणाचा नव्हता. एकजण म्हणाले, "मग दुकानदारही म्हणेल, मी शेळी पाळतो." ते रास्त होते, म्हणून कामाचा पुरावा काय मागावा यावर पुष्कळ चर्चा झाली. दुसरे एक वृद्ध संचालक मात्र मनातले बोलले. "एका घरात दोन मतं झाली, अन् बायकोनं दुसरीकडं दिलं तर?" यावर काही वेळ कोणी बोलेना. मग जे सर्वांत कडक समजले जातात तेच हसून म्हणाले, "देऊ द्या. घरात ती कुठं आपल्याकडनं देते?" ठराव ६ विरुद्ध ४ असा मंजूर झाला. ज्या सभासदाच्या शेतावर काम होते त्याचे किंवा गावातील दोन सभासदांचे सहीपत्र आणावे, असे ठरले.

पहिल्या वर्षी ८६ बायका सभासद झाल्या. भागाचे १,००० रुपये बहुतेकींनी बचत गटातून उचलले. त्या वहिनीही झाल्या. काही घरांत नवऱ्यांनी सहीपत्र दिले नाही, त्या अजून बाहेर आहेत. पुढच्या निवडणुकीत दोन बायका संचालक म्हणून आल्या. त्यामुळे सगळे पालटले असे मात्र समजू नका. सरकारी खरेदीला सोयाबीन घालावयाचे तर ते सातबारावाल्याच्याच नावावर चढते आणि पैसेही त्याच्याच खात्यात जातात. ते बदलणे आमच्या संचालक मंडळाच्या हातचे नाही. परंतु लाभांश जेव्हा वाटला तेव्हा तो बायकांच्या खात्यात गेला, आणि मी स्वतः तो लिहिला.

मुलींनी मला विचारले होते की हिशेब येत नसेल तर काय? रसायनशास्त्र शिकलेल्या मुलींनी प्रयोगशाळांकडे पाहावे. २०१५ साली निघालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेसाठी मातीच्या १२ कसोट्या घेतात, त्या घेणारे हात लागतात. द्राक्षांच्या बाबतीत तर आपल्या नाशिककरांना सांगावयास नको. २०१० साली क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षे अडली, आणि किती घरांचे कंबरडे मोडले ते आपण पाहिले. तेव्हापासून औषधांचे अंश तपासणाऱ्या माणसाच्या सहीला किंमत आली आहे. गृहविज्ञान शिकलेल्यांना कृषी विज्ञान केंद्रांत जागा असतात. पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले, आज देशात ७०० हून अधिक आहेत. कायदा शिकलेल्या मुलींना वाटणीचे आणि वारसनोंदीचे काम संपता संपत नाही. बँकेचे म्हणाल तर म्हसवडच्या चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या. त्यांनी बायकांची बँक काढण्यासाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायकांपैकी पुष्कळजणी निरक्षर होत्या. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

शिक्षण पुढे घ्यावयाचे असेल तर आणंदला १९७९ साली निघालेली ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था आहे. २०२५ साली तिचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. पुण्यात वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. तरी माझे मत विचाराल तर आधी एक उन्हाळा, एप्रिल-मे, एखाद्या खरेदी केंद्रावर काढावा. उन्हात वजनकाट्याशी उभे राहवते का, आणि दिवसात पन्नास वेळा "मॅडम, माझी पट्टी चुकली" हे न चिडता ऐकवते का, हे तेथे कळते. फी काही पडत नाही.

आयांसाठी दोन शब्द. पगार शहराच्या मानाने कमी असतो, हे लपविण्यात अर्थ नाही. नव्या संस्थांना सरकारकडून ३ वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत चालू खर्चासाठी मिळतात, आणि त्यातूनच मुख्य अधिकारी आणि हिशेबनीस यांचे पगार होतात. ती वर्षे सरली की पगार व्यापारातून निघाला पाहिजे. तो पुष्कळ ठिकाणी निघत नाही, आणि मग कार्यालयाला कुलूप लागते. म्हणून मुलीने नोकरी घेण्याआधी कंपनीचे मागील ३ वर्षांचे तपासलेले हिशेब मागावेत. दाखविण्यास का-कू झाली तर चहा पिऊन परत यावे. केंद्रावर बायकांसाठी संडास आहे का आणि परतीची शेवटची एस.टी. किती वाजता, हेही तोंडाने विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्या केंद्रावर संडास बांधला गेला तो दोन बायका संचालक झाल्यावर, पहिल्याच सभेत.

ज्या मुलींना काम प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मी रोज सकाळच्या साडेसातच्या गाडीने जाते, बरोबर नेईन. जेवणाचा डबा आणि डोक्याला ओढणी हवी. फक्त मार्चअखेर सोडून कधीही या, तेव्हा मला मान वर करण्यास फुरसत नसते.